भिंतीत झरोका ठेवा: घर बांधणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोलाड, रोहा आणि पेण परिसरात घरे बांधणारे स्थापत्य अभियंते, वास्तुरचनाकार, ठेकेदार आणि गवंडी मंडळी यांस,



रोहा तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आणि आता कोलाडलाच राहते. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, बाळंतिणींच्या घरभेटी हे माझे काम. त्यामुळे लोकांच्या ओट्यांपेक्षा त्यांची स्वयंपाकघरे आणि आतल्या अंधाऱ्या खोल्या मी जास्त पाहिल्या आहेत. त्या खोल्यांविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बांधकामाला उधाण आले आहे. नाक्यावर दुकाने आणि त्यांच्यावर खोल्या, कुंडलिकेच्या काठाने राफ्टिंगला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट, मुंबई-पुण्याच्या लोकांची फार्महाऊसे, आणि गावागावात कौलारू घर उतरवून उभी राहिलेली स्लॅबची घरे. ही कामे तुम्ही मजबूत करता. लोखंड किती एमएमचे, सिमेंट कोणत्या कंपनीचे, खांब किती, याची घरमालक दहादा चौकशी करतो आणि तुम्ही दहादा उत्तर देता. पण या घरातला धूर, वाफ आणि ओल कुठून बाहेर जाणार, असे विचारताना मी कोणाला ऐकले नाही. मालकाला ते सुचत नाही, कारण तो आयुष्यात एकदाच घर बांधतो. तुम्ही वर्षाला अनेक बांधता. म्हणून हे पत्र मालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. मातीच्या भिंतींच्या त्या स्वयंपाकघरांत चुलीपुढे वाकून फुंकणी मारणाऱ्या बायकांचे लाल डोळे मी पाहिले आहेत. उभ्या जन्मात विडी न ओढलेल्या म्हाताऱ्यांना ओटीपर्यंत चालताना लागणारी धाप पाहिली आहे. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर मोजला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष चुलीकडे गेले. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ पर्यंत चालला. धुराड्याच्या चुली घरोघर बसल्या, पण धुराडे काजळीने तुंबले की ते साफ कसे करायचे याचा विचार पुष्कळ ठिकाणी झाला नाही. बायकांनी ते काढून टाकले किंवा तसेच तुंबलेले ठेवले. बांधताना पुढच्या दहा वर्षांच्या वापराचा विचार झाला नाही तर काय होते, याचे हे आपल्याच राज्यात घडलेले उदाहरण आहे.

तरीही जुन्या घराला एक सोय होती. कौलांच्या फटींतून धूर हळूहळू वर निघून जायचा. परसदार आणि पुढचे दार समोरासमोर असायचे. तुम्ही वर सपाट स्लॅब टाकला तेव्हा ती वाट बंद झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी वाट ठेवली गेली नाही. गॅस आल्यामुळे आता धूर होतच नाही, अशी समजूत त्यामागे असावी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तिने मोठा फरक पडला हे मी मान्य करते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ४३ टक्क्यांच्या आसपासच होती. आणि गॅस असलेल्या घरातही चूल विझलेली नाही, हे तुम्हीही तुमच्या घरी पाहता. अंघोळीचे पाणी, तांदळाच्या भाकरी, पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक, भाजायचे सुके बोंबील हे सगळे चुलीवरच होते. नकाशात मात्र चूल कुठेच नसते. मग घर ताब्यात आल्यावर मालक मागच्या भिंतीला टेकवून पत्र्याची शेड काढतो, आणि ती शेड नेमकी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येते. माझी पहिली विनंती यातूनच निघते. नकाशा काढताना घरातल्या बाईला विचारा, चूल ठेवणार का? ती हो म्हणाली तर तिच्यासाठी जागा तुम्हीच आखून द्या, खिडक्यांपासून लांब, वारा जिकडे जातो त्या अंगाला, आणि धुराडे असेल तर ते उतरवून झाडता येईल असे.

गॅसच्या स्वयंपाकघराकडे वळते. फोडणी, तळण आणि भाजणे यांतून सूक्ष्म कण उडतात, आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, जो दम्याच्या मुलांना त्रास देतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण-दमट हवामानासाठी सांगते की खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा, दारे न धरता, हवी, आणि स्वयंपाकघरात त्याहून पाव हिस्सा जास्त. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघराचा हिशेब केला तर साधारण पावणेसतरा चौरस फूट होतात. तुम्ही चार बाय चारची खिडकी देता आणि कागदावर गणित जवळजवळ जुळते. पण ती अॅल्युमिनियमची सरकती खिडकी असते. दोन पट्ट्यांवरची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे बाईच्या वाट्याला आठच चौरस फूट येतात. तीही बहुधा ओट्याच्या समोर असते, म्हणून ज्योत फडफडते आणि खिडकी बंदच राहते. ओट्याच्या वरच्या अंगाला, स्लॅबच्या खाली, झरोका आणि एक्झॉस्ट पंख्याचे भोक बांधतानाच ठेवा. गिलावा झाल्यावर भोक पाडायला मालक तयार होत नाही, आणि टाइल लागल्यावर तर मुळीच नाही. हौशीने चिमणी बसवणाऱ्यांना एवढे तरी सांगा की, ज्या चिमणीची नळी बाहेर सोडलेली नाही ती हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तेल अडते, वास थोडा कमी होतो, वायू तसेच राहतात.

आता खिडकीच्या जाळीचे सांगते, कारण माझ्या मते या भागात सर्वांत मोठे नुकसान इथे होते. ठेकेदार खिडकी देतो, पण जाळीची तिसरी पट्टी देत नाही. तेवढे पैसे वाचतात. आपल्याकडे शेते, ओढे आणि कालवे लागून आहेत, तेव्हा दिवेलागणीला डास येणारच. मग संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावल्या जातात आणि पलंगाखाली डासांची कॉइल पेटते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते ते वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके असतात. बंद खोली, चार माणसे, रात्रभर धुमसणारी कॉइल. ज्या घरातला बाप सिगारेटला हात लावत नाही त्या घरातले पोर रात्रभर हे श्वासात घेते. सकाळी खोकला आला की आई त्याला दवाखान्यात नेते आणि पाऊस किंवा थंड पाणी यांच्यावर दोष जातो. मी स्वतः कितीतरी आयांना कॉइल बंद करा म्हणून सांगितले. डासांचे काय करायचे, असे त्यांनी विचारले की माझ्याकडे मच्छरदाणीखेरीज उत्तर नसायचे. खरे उत्तर तुमच्याकडे होते. प्रत्येक खिडकीला जाळी हा मूळ दरातला भाग धरा, जादा कामात टाकू नका.

बाळंतिणीच्या खोलीविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला घरातली सर्वांत बंदिस्त खोली देतात. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कापड कोंबतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी. यामागची माया मी जाणते आणि तिला नावे ठेवत नाही. पण धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बाळंतीण डोके जड झाले म्हणते, घरातले अशक्तपणा म्हणतात. घरभेटीत मी शेगडी बाहेर काढायला लावायची, आणि मी वळले की ती परत आत जायची. कौलांच्या घरात निदान वरून वाट होती, स्लॅबच्या खोलीत तीही नाही. जमिनीपासून सात फुटांवर, छताला लागून, उलट्या पट्ट्यांचा कायम उघडा झरोका असेल तर बाळाच्या अंगावर वारा येत नाही आणि गरम, घाणेरडी हवा वरच्या वर निघून जाते. आजीलाही तो पटतो, हे मी अनुभवाने सांगते. एक फूट बाय दीड फुटाच्या जागेचा प्रश्न आहे.

हाच कार्बन मोनॉक्साइड न्हाणीघरातही येतो. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवू नका, कितीही आग्रह झाला तरी. अंघोळीला गेलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गिझर बाहेरच्या भिंतीला लावून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या.

ओलीचे दुखणे पावसाचे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी आपण घरे अशी बांधतो की जणू पाऊस फक्त वरून येतो. जोत्यावरचा ओलरोधक थर खर्च वाचवायला गाळला जातो, छज्जे आखूड होतात. त्याहून मोठी चूक घाईची. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश ठरलेला असतो, म्हणून चैत्रात केलेला गिलावा सुकायच्या आत त्यावर पुट्टी आणि तेलकट रंग चढतो. भिंतीतले पाणी आतच कोंडले जाते. आषाढात कपाटामागे काळी बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास येतो, आणि दम्याच्या माणसाला रात्र काढणे कठीण होते. लोक त्यावर धूप जाळतात, म्हणजे ओलीवर धूर चढवतात. मालकाला स्पष्ट सांगा की भिंती सुकायला काही महिने लागतात, मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. कपाटे बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. नवे फर्निचर हे आणखी एक प्रकरण. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. कमी उत्सर्जनाचे बोर्ड मिळतात. मालकाने मागितले नाहीत तरी त्यांचे नाव तुम्ही काढावे. सिमेंटचे अॅस्बेस्टॉस पत्रे घराच्या आत किंवा अंगणात मुलांदेखत कापू नका, त्यांना ड्रिल मारू नका, आणि तुमच्या कामगाराच्या नाकावर फडके नव्हे, चांगला मास्क असू द्या.

रिसॉर्ट आणि फार्महाऊसवाल्यांचा समज आहे की एसी लावला म्हणजे हवेचा प्रश्न सुटला. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. सहा जण एका खोलीत दारे लावून झोपले की त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेर तो दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो, अशा खोलीत पहाटेपर्यंत दोन हजारांच्या पुढे सहज जातो. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन वैद्याने १८५८ साली म्युनिकमध्ये लिहून ठेवले की राहत्या खोलीत हा आकडा हजाराच्या वर जाऊ नये. तेव्हा एसीही नव्हते. या वायूने लगेच कोणी मरत नाही. पण तो वाढला म्हणजे खोलीत दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण पुन्हा घेतो आहोत, आणि एकाचा क्षय किंवा सर्दी-खोकला दुसऱ्याला लागायला तीच वाट आहे. क्षयाच्या रुग्णांची औषधे घरी पोहोचवणाऱ्या आम्हा आरोग्यसेविकांना बंद खोल्यांची भीती वाटते ती यामुळे.

आता मोजण्याविषयी, कारण मी हे सगळे अंदाजाने लिहीत नाही. घरातली हवा मोजणारे छोटे यंत्र काही हजारांत मिळते. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, कार्बन डायऑक्साइड आणि हवेतला दमटपणा एवढे दाखवणारे पुरेसे आहे. ते मी नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरांत ठेवून पाहते. फोडणी पडली की धूलिकणांचा आकडा काही मिनिटांत शेकड्यांत जातो. झरोका असलेल्या घरात तो जेवणे होईपर्यंत उतरतो, नसलेल्या घरात तसाच रेंगाळतो. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. घराच्या आत मात्र कोणी तपासायला येत नाही. प्रदूषणाचा १९८१ चा कायदा आणि २००९ ची मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत.

यंत्र वापरताना काही गोष्टी सांभाळायच्या. ते शेगडीच्या शेजारी ठेवू नका, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आधी अंगणातला आकडा पाहा, मग आतला. जुलै-ऑगस्टमध्ये हवा पाण्याने भरलेली असते, तेव्हा कण फुगतात आणि स्वस्त यंत्र खरा आकडा फुगवून सांगते. त्या दिवसांत त्यातल्या दमटपणाच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्या. आणि हे यंत्र रसायनाचा वास ओळखत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि अशा वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना रात्रीचा उग्र दर्प नवा नाही. तो आला तरी धूलिकणांचा आकडा हलेल असे नाही. तिथे आपल्या नाकावरच विश्वास ठेवावा आणि तक्रार वेळेसह लिहून ठेवावी.

याचमुळे खिडक्या उघड्या ठेवा एवढा सल्ला इथे पुरत नाही. २०११ पासून चाललेल्या महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ, मार्च-एप्रिलमध्ये भाजलेले राब, वीटभट्ट्या, सगळे बाहेर आहे. महामार्गालगतचे घर आणि डोंगराखालच्या वाडीतले घर यांच्या खिडक्या एकाच नकाशावरून काढणे चूक आहे. रस्त्याकडच्या भिंतीत खिडकी लहान आणि परसाकडची मोठी, एवढा विचार तरी करा. कोणत्या वेळी कोणती खिडकी उघडायची हे घरातली माणसे यंत्र बघून शिकतात. हवा शुद्ध करणारी महागडी मशीन त्यानंतरची गोष्ट. ती धूलिकण गाळते, पण कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांना हात लावत नाही.

एक मोठी जबाबदारी तुमच्यापैकी घरकुलांची कामे घेणाऱ्यांवर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या जनमन योजनेतून कातकरी कुटुंबांनाही पक्की घरे मिळत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मुंबईसाठी कोळसा पाडला, त्यांच्या छातीत किती धूर गेला आहे हे मला माहीत आहे. कुडाच्या झोपडीतून निदान वारा तरी वाहायचा. त्यांच्या पक्क्या घरात तीन दगडांची चूल आत पेटणार, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. घरमालक अडाणी आहे, त्याला काय कळते, असे म्हणून तिथला झरोका वगळू नका. इतक्या लहान घरात तो सर्वांत आधी लागतो.

शेवटची मागणी. घराचा ताबा देताना तुम्ही नळ सोडून दाखवता, दिवे लावून दाखवता. त्यासोबत हवाही दाखवा. स्वयंपाकघरात फोडणी द्यायला लावा आणि धूलिकणांचा आकडा किती वेळात खाली येतो ते मालकासमोर पाहा. झोपायच्या खोलीत यंत्र रात्रभर ठेवा आणि सकाळी कार्बन डायऑक्साइडचा आकडा वाचा. यंत्र नसेल तर पेटलेली उदबत्ती झरोक्याजवळ धरा, धूर बाहेर ओढला जातो की आत परततो ते लगेच दिसते. गवंडीदादांनाही हे करता येईल. माझे यंत्र कोणाला हवे असेल तर कोलाडला येऊन घेऊन जा, वापरायचे कसे ते मी दाखवीन. दिवाळीनंतर नवी कामे सुरू होतील. त्यांचे नकाशे आत्ता तुमच्या टेबलावर असतील, तेव्हा स्वयंपाकघराच्या आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर एक रेघ जास्त मारायला अजून वेळ आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
कोलाड, ता. रोहा, जि. रायगड